मित्राकडे मागितलेला पुरावा

कैवारी : मैत्री मोठी की नाते, या प्रश्नाची चर्चा बहुधा उदाहरणांच्या देवाणघेवाणीत अडकते; एकाने संकटात धावून आलेला मित्र सांगावा, दुसऱ्याने रात्रंदिवस उशाशी बसलेली बहीण सांगावी, आणि दोघांनीही आपापले मत तसेच घेऊन घरी जावे. त्यापेक्षा समाज या दोन संबंधांवर किती विश्वास टाकतो, हे जेथे कागदावर उतरलेले आहे अशा ठिकाणी पाहणे बरे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा हे असे एक ठिकाण आहे. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांत तो आरंभीच, ४ फेब्रुवारी १९९५ पासून, अमलात आला. या कायद्याप्रमाणे जिवंत माणसाला आपले एक मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग ‘निकटच्या नातेवाइकाला’ देता येतो, आणि या संज्ञेत पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडे एवढीच माणसे मोडतात. मित्राने मित्राला मूत्रपिंड द्यायचे ठरवले, तर ते आपुलकीपोटी किंवा जिव्हाळ्यापोटी दिले जात आहे हे प्राधिकार समितीला, म्हणजे अशा अर्जांची छाननी करण्यासाठी नेमलेल्या मंडळाला, पटवून द्यावे लागते. २०१४ च्या नियमांत या छाननीचा तपशीलच दिलेला आहे : दोघांचा संबंध कसा जुळला याचा खुलासा, तो दाखवणारी कागदपत्रे, दोघे एकत्र असलेली जुनी छायाचित्रे, दोघांचे मागील तीन आर्थिक वर्षांचे उत्पन्न आणि त्यातली तफावत, एवढ्यावर न थांबता दात्याच्या एखाद्या नातेवाइकाची मुलाखत घ्यायची आणि त्याची हरकत असल्यास तीही नोंदवायची. नातेवाइकालाही कागदपत्रे द्यावी लागतात हे खरे, पण नाते आहे एवढेच त्याला सिद्ध करायचे असते. मित्राला मात्र मैत्री खरी आहे हे सिद्ध करावे लागते. भावाचे भावावर प्रेम होते का, असे कोणतीही समिती विचारत नाही.

शंकाकार : ती विचारत नाही याला कारण आहे, आणि मैत्रीचा अपमान करावा असे कोणाच्या मनात आले, हे ते कारण नाही. हा कायदा येण्यापूर्वी देशातल्या मोठ्या शहरांत मूत्रपिंडांचा उघड बाजार भरला होता, कर्जात बुडालेली गरीब माणसे आपले मूत्रपिंड विकत होती आणि दलाल मधला मलिदा खात होते. असा व्यवहार बंद करायचा म्हटले की विकणारा पहिला वेश कोणता धारण करील? त्याला सख्खा भाऊ होता येत नाही, कारण रक्ततपासणी आडवी येते. जिवलग मित्र मात्र कोणालाही होता येते. मैत्रीची कोठे नोंद होत नाही, तिला विधी नाही, साक्षीदार नाहीत, ती सुरू झाल्याची तिथी नाही आणि संपल्याची सूचनाही नाही. मैत्रीचे गुणगान करणारे हेच तिचे वैभव मानतात, की ती दोन माणसांच्या मनांखेरीज कशावरही टेकलेली नसते. ते वैभव मान्य केले, तर तिसऱ्या माणसाला ती दिसत नाही आणि म्हणून त्याने तिच्यावर विसंबून निर्णय घेऊ नये, हेही ओघानेच मान्य करावे लागते. मनाखेरीज दुसरा आधार नको असे म्हणायचे आणि मनाबाहेरच्या माणसाने आपल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी अपेक्षाही करायची, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

कैवारी : पुरावा मागण्याला हरकत नाही, तो एकाच बाजूकडून मागितला जातो, याला आहे. भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुषांचे. पत्नी पतीला देते, आई मुलाला देते, बहीण भावाला देते. उलट दिशेचा प्रवाह क्षीण आहे. या सगळ्या स्त्रियांनी मनापासून दिले नाही असे म्हणणे उद्धटपणाचे होईल, पण सगळ्यांनी मोकळ्या मनाने दिले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ‘तो कमावता आहे, तू घरीच असतेस’ या एका वाक्यात जेवढी जबरदस्ती मावते तेवढी दलालाच्या पाकिटातही मावत नाही, आणि तिची बँकेत नोंदही होत नाही. नियम करणाऱ्यांना याची जाणीव नव्हती असे नाही. दाता स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी आणि तिच्या स्वतंत्र संमतीची खातरजमा अवयव घेणाऱ्याखेरीज अन्य व्यक्तीकडून करावी, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे कुटुंबातही दान आणि सक्ती यांची सरमिसळ होते, हे कायद्याने कबूल केले आहे. तरीही आप्ताच्या बाबतीत त्याचा मूळ कल विश्वासाचा राहतो आणि मित्राच्या बाबतीत संशयाचा. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दोघांच्या उत्पन्नातली तफावत हे संशयाचे कारण धरले, की श्रीमंत आणि गरीब यांची मैत्री आपोआप खोटी ठरू लागते. महाभारताच्या आदिपर्वात जुन्या सहाध्यायाची ओळख सांगत आलेल्या दरिद्री द्रोणाला द्रुपदाने हेच ऐकवले होते, की राजाची आणि निर्धनाची मैत्री असू शकत नाही. आजच्या समितीपुढे सुदाम्याने कृष्णाचे नाव दाता म्हणून नेले असते, तर कागद पुष्कळ दिवस पडून राहिले असते.

शंकाकार : कुटुंबातल्या सक्तीचा मुद्दा मान्य करण्यात अडचण नाही; त्याने कुटुंबाचे दोष दिसतात, मैत्रीची थोरवी मात्र त्यातून निघत नाही. मूळ प्रश्न विश्वासार्हतेपेक्षा खोल आहे. सिसेरो या रोमन लेखकाने इसवी सनापूर्वी ४४ च्या सुमारास मैत्रीवर लिहिलेल्या संवादात असा युक्तिवाद केला आहे, की स्नेहभाव आटला तरी नाते उरते, मैत्री मात्र उरत नाही, आणि म्हणून मैत्री नात्याहून श्रेष्ठ. हा युक्तिवाद गेली दोन हजार वर्षे मैत्रीच्या बाजूने मोजला जातो, पण तो नीट पाहिला तर नात्याच्या बाजूने पडतो. स्नेह आटल्यावरही जे उरते त्याचीच गरज माणसाला सर्वांत वाईट दिवसांत लागते. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या दहापैकी दोन प्रकरणे मैत्रीला दिली आणि तिचे तीन प्रकार केले : उपयोगासाठी केलेली, सुखासाठी केलेली आणि एकमेकांच्या चांगुलपणासाठी केलेली, तिसरी खरी, आणि ती दुर्मीळ, कारण चांगली माणसेच दुर्मीळ. मग प्रश्न असा, की चांगली नसलेली माणसे कोणाकडे जातील? कंटाळवाणी, चिडखोर, कृतघ्न, बुद्धी मंदावलेली, स्वतःचे नावही विसरलेली माणसे काही थोडी नसतात. नवजात मुलाने कोणता गुण दाखवलेला असतो? स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्याजवळ मैत्री करण्याजोगे काय शिल्लक असते? त्यांचा सांभाळ होतो तो त्यांच्या लायकीमुळे होत नाही, ती कोणाची तरी आहेत म्हणून होतो. लायकी न विचारता मिळणारी ही जागा नात्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही संबंधाने आजवर माणसाला दिलेली नाही.

कैवारी : लायकी न विचारता टिकलेल्या मैत्रीचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. उद्योगपर्वात शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि त्याला त्याचा जन्म सांगतो : तो कुंतीचा पहिला मुलगा आहे, पांडवांत ज्येष्ठ आहे, राज्यावर त्याचा हक्क आहे. रक्ताने याहून मोठी किंमत कोणाला देऊ केली नसेल. आई, पाच भाऊ, सिंहासन आणि आयुष्यभर ज्याने पोळले त्या कुळाच्या प्रश्नाचे उत्तर, हे सर्व एका क्षणात समोर आले. कर्णाने ते नाकारले. दुर्योधनाने त्याच्या भरवशावर युद्ध पत्करले आहे आणि आता माघार घेता येणार नाही, हे त्याच्या उत्तरातले एक मुख्य कारण आहे. दुर्योधन सज्जन होता म्हणून कर्ण त्याच्याबरोबर राहिला नाही. तो पराभूत होणार हेही कर्णाला दिसत होते, आणि तसे तो कृष्णाला बोलूनही दाखवतो. अ‍ॅरिस्टॉटलची कसोटी येथे लागू पडत नाही. ज्याच्याबरोबर जोडले गेलो त्याच्याबरोबर शेवटपर्यंत, एवढेच येथे आहे, आणि सोडून जाण्याची वाट पूर्ण उघडी असताना आहे. नात्यातल्या माणसाच्या टिकून राहण्याला हा कस लागलेला नसतो, कारण त्याला जायला जागाच नसते. आणि ज्याला जाता येत नाही त्याच्या निष्ठेची किंमत तरी कशी करायची?

शंकाकार : कर्णाचे उत्तर पुन्हा एकदा पूर्ण वाचावे. दुर्योधनाच्या आधी तो अधिरथ आणि राधा यांची नावे घेतो. ज्यांनी उचलून घेतले, ज्यांनी संस्कार केले, ज्यांच्या घरी मुलासारखे वाढलो, ज्यांच्या कुळात लग्ने झाली आणि मुले झाली, त्यांना सोडून कोठे जाऊ, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. म्हणजे कुंतीला तो नाकारतो ते आधी आपल्या कुटुंबासाठी, जरी ते कुटुंब रक्ताचे नसले तरी. दुसरे असे, की दुर्योधनाशी असलेला त्याचा संबंध निखळ मैत्रीचा होता का? रंगमंडपात सर्वांसमोर कुळ विचारून अपमान झाला तेव्हा दुर्योधनाने त्याला अंगदेशाचे राज्य दिले, आणि बदल्यात काय हवे असे कर्णाने विचारल्यावर कायमची मैत्री मागितली. हे वाक्य भव्य आहे, पण त्याचा आरंभ देण्याघेण्याचा आहे. मिंधेपणा आणि मैत्री यांची सीमा येथे पुसट आहे. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, ही निष्ठा कर्णाला कोठे घेऊन गेली? द्यूतसभेत द्रौपदीला ओढून आणले तेव्हा कर्ण मित्राबरोबर होता, नुसता गप्प नव्हता तर सर्वांत कडू बोलणाऱ्यांपैकी होता. त्या सभेत दुर्योधनाला तोंडावर खरे सुनावणारे होते ते विदुर, म्हणजे चुलते, आणि विकर्ण, म्हणजे सख्खा भाऊ. मित्राच्या निष्ठेला लगाम नव्हता; नात्यातल्या माणसांना निदान बोलण्याचे धैर्य होते.

कैवारी : दोघे बोलले आणि शेकडो गप्प बसले, आणि त्या शेकडोंत आजोबा होते, आंधळा बाप होता, नव्वदाहून अधिक भाऊ होते. धृतराष्ट्राचे पुत्रप्रेम हे लायकी न विचारता मिळणाऱ्या जागेचेच टोक आहे; त्याची फळे त्या ग्रंथात पानोपानी आहेत. तेव्हा लगाम नसणे हा मैत्रीचा खास दोष म्हणता येत नाही. उलट सत्यासाठी तुटण्याची क्षमता मैत्रीत असते, आणि हे मराठी माणसाला शिकवायला नको. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजात जुळले, १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ या कार्यात एकत्र राहिले, कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, या प्रश्नावर त्यांचे पटेना, तेव्हा त्यांनी तो प्रश्न गालिच्याखाली सरकवला नाही. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. टिळक १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. भावाभावांत असे मतभेद होतात तेव्हा ते बहुधा जेवताना न बोलायच्या विषयांत जमा होतात, कारण उद्या पुन्हा त्याच पंगतीला बसायचे असते. या दोघांनी एकमेकांवर जी कठोर टीका केली ती वाचून आजही अस्वस्थ वाटते, पण महाराष्ट्राचा एक मोठा वाद तिच्यामुळे स्वच्छ मांडला गेला. तुटण्याची भीती नसलेला संबंध इतके खरे बोलणे सहन करतो, असे दिसत नाही. तो खरे बोलण्याची वेळच येऊ देत नाही.

शंकाकार : महाराष्ट्राचा लाभ झाला असेल, पण येथे प्रश्न त्या दोन माणसांचा आहे. आगरकर दम्याने जर्जर होऊन १८९५ मध्ये, वयाची चाळिशी गाठण्याआधी, गेले. त्या शेवटच्या वर्षांत औषधपाणी, उठबस आणि तुटपुंज्या पैशांत घर चालवणे हे कोणी केले? यशोदाबाईंनी. वाद घालायला मित्र होता, सेवा करायला पत्नी होती, आणि इतिहासाने ठळक अक्षरांत लिहिले ते मित्राचे नाव. मैत्रीच्या जवळपास सर्व थोर कथा पुरुषांच्या आहेत, हे केवळ योगायोगाने घडले नसावे. पुरुषांना कट्ट्यावर, तालमीत, संपादकाच्या खोलीत बसता आले, कारण घरी कोणीतरी चूल पेटती ठेवत होते. मुलीची मैत्रीण मात्र लग्नाच्या दिवशी मागे राहायची. पुढे मंगळागौरीला किंवा भोंडल्याला गाठ पडली तर पडली, तीही सासरच्या परवानगीने. मैत्री हा स्वातंत्र्याचा संबंध आहे असे म्हणताना ते स्वातंत्र्य कोणाच्या श्रमावर उभे आहे, हे विचारले गेले पाहिजे, आणि ते श्रम बहुतेक नात्यांच्या खात्यातले आहेत.

कैवारी : हा आक्षेप टोचतो, आणि त्याला पुरते उत्तर देता येईल असे वाटत नाही. मात्र त्याच शतकात, त्याच पुण्यात एक स्त्री अशी आहे जिच्यामुळे हिशेब उलटा मांडावा लागतो. १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना शाळेच्या कामामुळे घर सोडावे लागले. बाहेर काढणारे वडील होते. पुढची चाळीस वर्षे ज्या माणसांनी त्यांना धरून ठेवले त्यांत गोवंडे, वाळवेकर, परांजपे यांच्यासारखे मित्र होते, आणि ते परजातीतले होते. जोतीराव आजारी आणि आर्थिक विवंचनेत असताना १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून मदतीची विनंती केली ती मामा परमानंदांनी. त्याच वर्षी नोव्हेंबरात जोतीराव गेले, तेव्हा अंत्यविधीला भाऊबंद हजर झाले ते हक्क सांगायला : दत्तक मुलगा यशवंत हा ब्राह्मण विधवेच्या पोटचा, त्याने टिटवे, म्हणजे अंत्ययात्रेपुढे धरायचे मडके, धरू नये. तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती धरले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. लायकी न विचारता जागा देणारे ते नाते येथे कोठे होते? ते जागा देण्याऐवजी अडवायला उभे होते. ज्याचा जन्म, जात किंवा मत कुटुंबाला रुचत नाही अशा माणसासाठी नाते आसरा होत नाही, त्याचा उंबरठा होतो. आणि अशी माणसे अपवादात्मक आहेत असे म्हणणाऱ्याने आंतरजातीय लग्ने केलेल्यांना आणि घरातून हाकलल्या गेलेल्या तृतीयपंथीयांना विचारून पाहावे.

शंकाकार : उदाहरण बिनतोड आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. घरातून बाहेर पडावे लागलेल्या जोतीराव-सावित्रीबाईंनी काय केले? यशवंताला मित्र म्हणून वाढवले नाही, दत्तक घेतले. मृत्युपत्र करून त्याला वारस केले. रक्ताच्या कुटुंबाने दगा दिल्यावरही त्यांना कुटुंबाचाच साचा लागला, फक्त तो त्यांनी स्वतः निवडलेल्या माणसांनी भरला. टिटवे धरणारी सावित्रीबाई तरी रक्ताने जोतीरावांची कोण होती? पत्नी, म्हणजे एके काळची परकी मुलगी. आता पुन्हा त्या अवयवांच्या कायद्याकडे पाहावे. त्याच्या निकटच्या नातेवाइकांत पती-पत्नी आहेत, आणि त्यांच्यात रक्ताचा थेंबही समान नसतो. याचा अर्थ कायद्याचा विश्वास रक्तावर आहे ही या चर्चेची सुरुवातीची समजूतच अपुरी होती. जो संबंध लोकांसमोर जाहीर होतो, ज्यात शिरण्याला विधी आहे, ज्याच्याबरोबर कर्तव्ये येतात आणि ती मोडली तर जाब विचारता येतो, त्यावर कायद्याचा विश्वास आहे. दत्तकविधान असे आहे, लग्न असे आहे. मैत्री तशी नाही. तेव्हा वाद रक्त आणि निवड यांच्यातला नसून बांधलेला संबंध आणि मोकळा संबंध यांच्यातला आहे, आणि तसा तो मांडला तर आपण म्हणता त्या कर्णाच्या निष्ठेचाही अर्थ बदलतो : भर सभेत दिलेल्या शब्दाने कर्ण बांधलेला होता.

कैवारी : ही मांडणी स्वीकारण्याजोगी आहे, पण ती स्वीकारली की प्रश्न मिटत नाही, उलट कायद्याच्याच अंगावर येतो. मैत्रीला जाहीर होण्याची जागा नाही असे म्हणताना, ती जागा दिली कोणी नाही, हे विसरता कामा नये. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला तर १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मालमत्ता आधी पहिल्या वर्गातल्या वारसांना, मग दुसऱ्या वर्गातल्यांना, मग पुरुषांच्या बाजूने जोडलेल्या सगोत्रांना, मग इतर बाजूंनी जोडलेल्या दूरच्या आप्तांना, आणि यांपैकी कोणीच सापडले नाही तर सरकारला जाते. चाळीस वर्षे शेजारी राहून दोन वेळचा डबा पोहोचवणारी मैत्रीण या रांगेत सरकारच्याही मागे आहे. नव्हे, रांगेतच नाही. दुसरीकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कोणाही सज्ञान माणसाला साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या काळात आपल्या वतीने लक्ष घालणारा माणूस, नेमण्याचा अधिकार दिला, आणि तो नातेवाईकच असावा अशी अट घातली नाही. मनाच्या आजारात मित्राचे नाव चालते. वारसाहक्कात मात्र मृत्युपत्राची दूरदृष्टी दाखवल्याखेरीज मित्राला जागा नाही. आणि म्हातारपणी माणसाला काय लागते याबद्दल ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरात सत्तरी गाठलेल्या सुमारे १,५०० लोकांचा दहा वर्षे मागोवा घेऊन २००५ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत मित्रांचे जाळे दाट असलेली माणसे अधिक जगलेली आढळली. मुले आणि नातेवाईक यांच्या जाळ्याचा तसा परिणाम आढळला नाही.

शंकाकार : त्या निष्कर्षातला कार्यकारणभाव सावधपणे घ्यावा. चालते-फिरते, बोलके, उत्साही म्हातारेच मित्र टिकवू शकतात, आणि तेच अधिक जगणार. मुले मात्र अंथरुणाला खिळलेल्याचीही असतात. पुण्यात ज्यांची मुले अमेरिकेत आहेत अशा वृद्धांची सकाळ टेकडीवरच्या किंवा बागेतल्या मित्रांमुळे गोड होते, यात शंका नाही; पण खुब्याचे हाड मोडले की टेकडी बंद होते, आणि टेकडीवरचे मित्रही त्याच वयाचे असतात. कायद्याने मित्राला जागा द्यावी, हे म्हणणे मात्र टाळण्याजोगे नाही, म्हणून त्याची दुसरी बाजू मांडायला हवी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह कायद्याने मुलांवर आई-वडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी टाकली, आणि निपुत्रिकाच्या बाबतीत ज्याच्याकडे त्याची मालमत्ता आहे किंवा वारशाने येणार आहे त्या नातेवाइकावर टाकली. हक्क आणि बोजा एकाच दोरीने बांधले. मित्राला सही करण्याचा, अवयव देण्याचा, वारस होण्याचा हक्क हवा असेल, तर त्याच्यावर निर्वाहाचा बोजाही यावा. कुरकुर करणाऱ्या, पैसे थकवणाऱ्या, ओळखही न ठेवणाऱ्या मित्राला दहा वर्षे सांभाळायचे, आणि नाही सांभाळले तर न्यायाधिकरणापुढे उभे राहायचे, अशा कागदावर किती मित्र सही करतील?

कैवारी : थोडे करतील. पण ज्यांना करायची आहे त्यांना आज असा कागदच मिळत नाही, हे आधी दुरुस्त झाले पाहिजे. एकट्या राहणाऱ्या दोन मैत्रिणी, एकमेकींना सांभाळण्याचा शब्द दिलेले दोन विधुर, यांना लग्न किंवा दत्तक याखेरीज तिसरा मार्ग असावा. आणि जे सही करणार नाहीत त्यांची मैत्री कमी दर्जाची, असेही यातून निघू नये. शिक्षेच्या भीतीने केलेली सेवा आणि आपणहून केलेली सेवा यांत घेणाऱ्याला फरक जाणवतो, अगदी स्मृती गेलेल्यालाही जाणवत असावा. मैत्री सर्वस्वी बांधली तर तिच्यातले जे अन्यत्र मिळत नाही तेच जाईल. ती सर्वस्वी मोकळी ठेवली तर मध्यरात्री रुग्णालयाच्या कागदावर सही करायला तिचा हात पोहोचणार नाही. या दोहोंमधली रेघ कोठे ओढायची, याचे उत्तर सध्या कोणत्याही कायद्यात नाही आणि या संवादातही ते सापडलेले नाही.

शंकाकार : रेघ ओढण्याआधी त्या २०१४ च्या नियमांतले एक कलम पुन्हा पाहावे लागेल, जे आरंभी केवळ अन्यायाचा नमुना म्हणून सांगितले गेले : दात्याच्या नातेवाइकाची मुलाखत आणि त्याच्या हरकतीची नोंद. मित्राला मूत्रपिंड द्यायला निघालेला माणूस स्वतःचे शरीर देत आहे, यात वाद नाही. पण शस्त्रक्रियेनंतर त्याची शुश्रूषा पत्नी करणार आहे, कामावर जाता आले नाही तर घर आईच्या निवृत्तिवेतनावर चालणार आहे, आणि उद्या त्याच्या स्वतःच्या मुलाला मूत्रपिंडाची गरज लागली तर ते एकच उरलेले असणार आहे. मैत्रीचे थोर दान अशा रीतीने ज्यांनी ती मैत्री निवडलेली नाही त्यांच्या खर्चाने होते. त्या पत्नीने समितीपुढे ‘नाही’ म्हटले तर?

कैवारी : तर ते नोंदवावे, आणि दात्याला ते ऐकू द्यावे.

शंकाकार : आणि ऐकूनही त्याने द्यायचेच ठरवले, तर समितीने त्या नोंदीचे काय करायचे?

कैवारी : तीच पत्नी उद्या आपल्या भावाला देऊ लागली, तर तिच्या पतीच्या हरकतीचे जे करायचे तेच. तेथे नियम हरकत विचारीतच नाही.

शंकाकार : मग विचारायला लावावी, की येथली काढून टाकावी?